पोळ्या करणारी कधी बसते?

मंडळी, आत्ताच लेकीचा व्हिडिओ कॉल झाला. सायली यंदा फ्रान्समधल्या एका शाळेत असिस्टंट टीचर आहे, एका फ्रेंच कुटुंबाकडे राहते.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला दुपारचं जेवण, तिकडे रात्रीचं. फोन ओट्यावर टेकवून मी नवऱ्याला गरम पोळ्या वाढत होते.

"आई, घरच्या काकू विचारतायत, तू कधी बसणार? इथे स्वयंपाक करणारी बसल्याशिवाय कोणी जेवत नाही."

"त्यांना म्हणावं, पोळी गरमच खायची असते!"

"मग आम्ही थांबतो."

खरंच थांबले सगळे. मी गॅस बंद करून बसले.

ती घरात होती तेव्हा तिच्याबरोबर कधी बसलेच नाही. आज बसले, तर मध्ये अख्खा समुद्र. तिला पोळी वाढायला हात मात्र आपोआप पुढे गेला.

तुमच्याकडे पोळ्या करणारी कधी जेवते?