सात मात्रांसाठी जालन्याला

"रविवारी पप्पा गाणं ऐकणारेत. आवडलं न्हाई तर गोदामातला ड्रमचा कोपरा गेला. तू ये," रितेशचा फोन. मे महिन्यात जालन्याला कोण जातं हो? मी गेले. कॉलेजात आम्ही एका बँडमध्ये होतो, तो ड्रमवर, मी गिटारवर. नंतर मी पुण्यात नोकरीला चिकटले आणि तो घरच्या बियाण्यांच्या धंद्यात.

पुण्याहून सकाळची एसटी पकडा, दुपारपर्यंत पोचता. संभाजीनगरपर्यंत झोप काढा, पुढचा रस्ता चांगला आहे. जालन्यात उतरून मस्तगडजवळ गरम कचोरी खाल्ली, वीस रुपयांत पोट गच्च. तिखट इतकी की डोळ्यांतून पाणी! तिथून रिक्षाने एमआयडीसी. रिक्षावाल्याने दीडशे सांगितले, मी शंभरावर आणले.

गोदामात एका कोपऱ्यात ड्रम आणि तिन्ही बाजूंनी बियाण्यांची पोती. "पोती आवाज बराबर पिऊन टाकतेत," रितेश म्हणाला. पण पेरणीचा हंगाम तोंडावर होता, काकांना, म्हणजे रितेशच्या पप्पांना, तो कोपराही हवा होता.

आता थोडं या संगीताविषयी. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या काही बँडनी रॉकची गाणी लांबवली, ताल वाकडेतिकडे केले. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी त्यात हेवी मेटलचा दणका मिसळला, आणि प्रोग्रेसिव्ह मेटल जन्माला आलं. आज त्याचं वेड जालन्यातसुद्धा आहे. रितेशचं गाणं अकरा मिनिटांचं, सात मात्रांत सुरू होऊन मधेच पाचांत शिरणारं.

काका खुर्ची टाकून बसले. पांढरा सदरा, चेहरा दगड. स्पीकरवर रेकॉर्ड केलेली गिटार आणि त्यावर रितेशचे ड्रम, असं गाणं सुरू झालं आणि माझाच जीव टांगणीला. पाचव्या मिनिटाला सगळं एकदम थांबलं. मी जोरात टाळ्या पिटल्या.

"बैठो बेटा," काका म्हणाले, "अजून सम आली न्हाई."

मेले मी लाजेने! वीस वर्षं हे ऐकणारी मी, आणि मंदिरातल्या भजनात ढोलक वाजवणारे काका मांडीवर बोटांनी मोजत बसलेले. शांततेनंतर गाणं पुन्हा उसळलं, तरी त्यांची बोटं चुकली नाहीत.

संपल्यावर रितेश घामाघूम. "पप्पा, गोंगाट वाटला का?"

"सातांत बिलकुल बराबर होतास. पाचांत येताना जल्दी करून राह्यला तू." मग हमालाकडे वळून म्हणाले, "ती पोती तिकडं लावा. हा कोपरा राहू द्या."

रितेशने माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

पुण्यात परतल्यावर आठवड्याने त्याचा मेसेज आला: "पप्पा रोज येऊन बसायलेत. चुकलो की थांबवतेत. वैताग आलाय यार."

मी आधी खूप हसले. मग, खरं सांगते, रडू आलं. माझ्या घरात आजवर कुणी या संगीतातलं एक गाणंही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.