अंबिका मॅडमचा अंगारा

आमच्या तनुजाच्या अंबिका मॅडम देगलूरच्या. घरच्यांशी फोनवर कानडीत बोलतात, आमच्याशी मराठीत, आन् पोरांवर रागवायचं झालं तर कोणत्याच भाषेत न्हाई. नुसतं बघतात. आमचं गाव नायगावपासून आडवाटेला, कोणी मास्तर टिकत न्हाई. ही बाई बदली मागायचं नावच घेईना.

माझी पोर पाचवीत गेली तरी लिहायला बसली की रडायची. गोष्ट सांग म्हणलं तर घंटाभर सांगंल, पण हातात पेन्सिल दिली की घ चा ध व्हायचा, भ चा म, अक्षरं वर-खाली पळायची. आधीचे गुरुजी म्हणायचे, आळशी हाय, रोज दहा पानं लिहून घ्या. घेतली. बोटं सुजली, अक्षर हाय तिथंच! मग मालक म्हणाले, "डोस्कंच न्हाई तिला. धर्माबादला आक्काकडं धाडू, मिरच्या खुडंल." लग्नाआधी मी खुडल्यात त्या मिरच्या. हाताची कशी आग होती, ते ह्यांना काय ठाव? माझी पोर मी जाऊ देणार नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "उज्वलाताई, डोकं लई चांगलं आहे तिचं. अक्षरं अशी पळतात, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. अक्षराचा आकार मनात पटकन ठरत नाही, म्हणून आधी हाताला शिकवू."

शाळेतल्या खिचडीच्या चुलीतली राख त्यांनी चाळली आन् ताटात पसरली. त्यांचे आजोबा चंद्रप्पा रोज कपाळावर तीन बोटांनी विभूती ओढायचे. तशाच तीन रेघा तनुजाला राखेत ओढायला लावल्या. वरच्या रेघेला अक्षर टांगायचं, मधलीवर त्याचं पोट, खालचीवर पाय. तोंडानं अक्षर म्हणत बोटानं मोठं काढायचं. चुकलं तर तळहातानं पुसायचं. हात बसला की मग जाड पेन्सिल. पोर शाळेत हसत जाऊ लागली.

पण आमच्या सासूबाई, साखराबाई! नातीच्या बोटाला राख बघितली आन् गावभर सांगत सुटल्या, "मॅडम अंगारा देतात गं!" दुसऱ्या दिवशी शेजारची पार्वतीबाई नारळ घेऊन शाळेच्या दारात हजर, संगं सासूबाई बी. तिची म्हैस लाथा मारून राहिली होती.

"मावशी, चुलीतली राख आहे हो ही," मॅडम म्हणाल्या.

"हाव, हाव, कळलं मला," सासूबाईंनी डोळा मिचकावला. "न्हाई सांगत कोणाला."

पारावर मालकांची चेष्टा झाली. मालक तावातावानं घरी आले. "शाळा हाय का मठ? आत्ताच दाखला काढतो!" ते पुढं, मी शिव्या घालत मागं.

हेडमास्तरांनी कोरा कागद पुढं केला. "वैजनाथराव, अर्ज लिहा."

"चष्मा न्हाई आणला."

चष्मा! ह्या माणसाला चष्मा लागला कवा? बँकेत बी असंच, सोसायटीत बी. कागद आला की माझ्याकडं सरकवायचे. मी कागदाला हात लावला न्हाई. लिहा म्हणलं आता.

मॅडम तनुजाला घेऊन आल्या आन् शांतपणे म्हणाल्या, "तनुजा, बाबा सांगतील तसं तू लिही."

पोरीनं आधी बाकावर तीन बोटं ओढली, मग पेन्सिल धरली. एकेक अक्षर पुटपुटत, सावकाश. मालक सांगत गेले, ती लिहीत गेली. सगळी अक्षरं कशी रेघेला धरून! मग तिनं मान वर केली. "कारण काय लिहू, बाबा?"

"लिही, तिला लिहिता येत न्हाई."

पोरीचे डोळे भरले. तरी तिनं खाली बघितलं आन् लिहायला घेतलं. 'तिला लिहिता' इथपर्यंत आली आन् मालकांनी कागदावर हात ठेवला. त्या दोन शब्दांच्या एकेका अक्षरावरनं त्यांनी बोट फिरवलं.

"माझं बी असंच व्हायचं," ते म्हणाले. "अक्षरं पळायची. चौथीत गुरुजींनी हातावर पट्टी मोडली, तवा सुटली शाळा." इतकी वर्सं संसार केला, मला कधी बोलले न्हाईत. माझा राग कुठल्या कुठं गेला, रडूच आलं.

अर्ज तिथंच राहिला. मॅडमनी वर्गातून राखेचं ताट आणून मालकांपुढं ठेवलं. मालकांनी तीन बोटं राखेत टेकवली. रेघा वाकड्या गेल्या, तसा त्यांनी हात झटक्यानं मागं घेतला.

तनुजानं तळहातानं राख सारखी केली. "परत काढा बाबा," ती म्हणाली. "इथं कोणी मारत न्हाई."