लाल फुलीचे दिवस

आमच्या केंद्राच्या दाराला नुसता पडदा होता. ठाण्याच्या नौपाड्यात, शिंप्याच्या दुकानावर, दोन खोल्या. बायका पडदा सारून आत यायच्या, चपला काढता काढताच बोलायला लागायच्या आणि जाताना छत्री विसरावी तसा एखादा किस्सा मागे ठेवून जायच्या. छत्र्या आम्ही परत केल्या. किस्से राहिले!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी कॅनडात शिकून नुकतीच परतले होते. बाईला स्वतःचं शरीर ओळखता आलं, तर गोळ्या न घेताही तिला पाळणा लांबवता येईल, यावर माझा ठाम विश्वास होता. आजही आहे. सकाळी उठण्याआधी थर्मामीटर लावायचा, अंगावरून जाणारं पांढरं पाणी कसं बदलतं ते पाहायचं आणि दिवस राहू शकतील अशा काळात नवऱ्याला लांब ठेवायचं. कॅनडात हे सगळं फारच सोपं वाटलं होतं.

*

पहिल्याच वर्गात मी तिकडून आणलेले रंगीत तक्ते भिंतीवर लावले आणि अर्धा तास बोलले. प्रश्न विचारा म्हटलं, तर एक हात वर झाला.

"बाई, तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"मग हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

खोलीत हशा! मी लालबुंद. कोपऱ्यात मालतीताई बसल्या होत्या. निवृत्त नर्स, केंद्र त्यांनीच सुरू केलेलं. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "अहो, पोस्टमन गावभर पत्रं वाटतो. त्याला स्वतःला रोज पत्र येतं का?"

त्या दिवसापासून मालतीताई मला पोस्टमनच म्हणू लागल्या.

*

त्याच वर्गात ज्योती होती. कळव्याच्या चाळीत राहणारी, बालवाडीत शिकवणारी, दोन मुलींची आई. तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. गोळ्यांनी तिचं डोकं फुटायची वेळ यायची, उलट्या व्हायच्या. तांबी बसवली होती, ती रक्तस्रावामुळे काढावी लागली. निरोध म्हटला की नवरा तोंड फिरवायचा. ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती, कारण सासूबाईंना नातू हवा होता.

"दोन वर्षं द्या मला, ताई," ती म्हणाली. "कुणी मागितली नसतील एवढ्या मनापासून मागतेय."

मी म्हटलं, "मिळतील!" मालतीताईंनी माझ्याकडे पाहिलं. "पद्धत शिकव, हमी देऊ नकोस. एक दिवस चुकला तरी भोगणार ती आहे, तू नाहीस."

*

पहिल्याच आठवड्यात ज्योती परत आली. "ताई, हे जमायचं नाही."

"का?"

"अंथरुणातून उठायच्या आधी ताप मोजायचा म्हणता. चाळीत पाणी पहाटे येतं. नळ सुटला की मी हंडा घेऊन पळते. तोंडात थर्मामीटर धरून पडून राहिले तर पाणी कोण भरेल?"

कॅनडातल्या कुठल्याच पुस्तकात हा प्रश्न नव्हता. मी पेन्सिल चावत बसले. मालतीताईंनी मात्र सहज विचारलं, "नवऱ्याला हात आहेत ना गं?"

दुसऱ्या दिवसापासून तिचा नवरा दिलीप, कंपनीतला फिटर, मिशाबिशा असलेला माणूस, बायकांच्या रांगेत हंडा घेऊन उभा! शेजारणीने विचारलं, "काय भाऊजी, वहिनी आजारी का?"

"नाही, ताप मोजतेय."

"रोज?"

"रोज."

आठवड्याभरात ज्योतीकडे मोसंब्यांचा ढीग लागला. डोंबिवलीहून तिची आत्या भेटायला आली आणि दारातच रडू लागली.

*

कोलशेतच्या कोळीवाड्यात मी मोठ्या उत्साहाने वर्ग घेतला. भरती-ओहोटी रोज बघणाऱ्या बायका. मला वाटलं, यांना समजवायला काय वेळ लागणार! म्हणून सांगितलं, शरीरालाही अशीच भरती असते, ती ओळखा.

हिराबाई टोपली बाजूला सारून म्हणाल्या, "वलखीन की! पन माजा दादला भरती बगून येत नाय!"

सगळ्या बायका हसल्या. हसताना हिराबाईंनी पदर डोळ्यांना लावला, तो मी पाहिला. त्यांचा दादला पिऊन यायचा. तिथे थर्मामीटर काय करणार? मालतीताईंनी त्यांना दवाखान्यात नेऊन तांबी बसवून दिली.

येताना रिक्षात मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. मालतीताई म्हणाल्या, "पोस्टमन, रुसलीस?"

"नाही," मी म्हटलं. "आता पुरुषांचा वर्ग घ्यायचा."

"येतील?"

"आणेन!"

*

आणले. डोंबिवलीच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. बायकांनी अक्षरशः दारापर्यंत पोहोचवलेले नवरे. सगळे शेवटच्या रांगेत, सगळ्यांच्या नजरा पंख्याकडे. दिलीपही होता. मी खडूने फळ्यावर महिना आखला आणि मधल्या दिवसांवर लाल फुल्या मारल्या.

बँकेत काम करणाऱ्या एका काकांनी शेवटी तोंड उघडलं. "म्हणजे बायको नाही म्हणणार?"

"नाही म्हणणार नाही. थांबा म्हणणार."

"ते एकच झालं हो!"

मालतीताईंनी विणकामातून मान वर केली. "बढतीसाठी किती वर्षं थांबलात?"

काका बोटं मोजू लागले.

"तेव्हा साहेबांवर ओरडला होतात?"

शेवटच्या रांगेत पहिल्यांदा माणसं हसली. निघताना दिलीप माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "फुल्या जरा कमी नाही का करता येणार?"

*

ज्योती घरीही तशाच लाल फुल्या मारायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आता आपल्याकडे कॅलेंडरवर फुली म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. दूध आलं नाही, खाडा!

महिनाअखेर सासूबाईंनी दूधवाल्या भैयाला दारात धरलं. "इतने दिन नहीं आया तुम!"

"माँजी, हम तो रोज आया!"

"ये फुल्या क्या झूठ बोलते?"

भैया म्हशीची शपथ घेऊ लागला. गॅलरीत चाळ जमली. शेवटी ज्योती पुढे झाली. "आई, त्या दुधाच्या नाहीत. ते... माझे उपासाचे दिवस आहेत."

"एवढे उपास? आणि सलग? कुठल्या देवाचे?"

वर्तमानपत्रामागून दिलीपचा आवाज आला, "मलाही आहेत ते उपास."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग कॅलेंडरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. भैयाला म्हणाल्या, "जाव तुम," आणि दार लावलं.

ज्योतीने केंद्रात येऊन हे सगळं एका दमात सांगितलं. "आता त्यांना कळलंय, ताई. आता संपलं."

*

संपलं नाही. ज्योती डी.एड. झाली, आज शाळेत शिकवते. पण मला आठवते ती दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीची संध्याकाळ. मी कळव्याला तिच्याकडे गेले होते. ज्योती खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली, मुली भातुकलीत रमलेल्या. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. एरवी त्या दोन्ही नातींना घेऊन बाहेर गॅलरीत झोपायच्या, आत नवरा-बायको. पण त्या दिवशी त्यांची वळकटी खोलीच्या अगदी मधोमध येऊन पडली होती.

कॅलेंडर आता त्यांच्या जागेसमोर, त्यांच्या उंचीवर टांगलेलं.

मी धीर करून विचारलं, "आजी, तुम्हाला नातू हवा होता ना?"

"हवाय की," त्या म्हणाल्या आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

तेवढ्यात दिलीप कामावरून आला. चपला काढल्या, पाणी प्यायला, वळकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून जरा कसनुसं हसला.

"आई, बाहेर आज छान वारा सुटलाय. गॅलरीत झोपतेस का?"

सासूबाईंनी सुपातून मान वर केली नाही.

"आधी कॅलेंडर बघ."