तळ्यामागचं गवत

शहरातल्या मोठ्या बागेत माळीकाम करता करता थोरलीची बावीस वर्षं गेली होती. धाकट्या जावेला तिथं चिकटवलं तेही तिनंच, साहेबांकडे शब्द टाकून. त्यामुळे परदेशातल्या बागा पाहून यायला एकाच माणसाला पाठवायचं ठरलं आणि निवड धाकटीची झाली, तेव्हा थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं मात्र ती एवढंच म्हणाली, "स्वेटर घे गं, थंडी असेल."

पंधरा दिवसांनी परतलेल्या धाकटीनं ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवले. "तिथं बागेचा एक तुकडा मुद्दाम कापत नाहीत. गवताला बी धरू देतात, मग पाखरं आपसूक येतात."

"वा!" साहेब म्हणाले. "तळ्यामागचा उतार आजपासून कापायचा नाही."

थोरलीचे कान तापले. सहा वर्षांपूर्वी तिनं नेमकं हेच सुचवलं होतं. तेव्हा हेच साहेब हसले होते, "बाई, आळसाला छान नाव शोधलंत!"

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुझंच खरं ठरलं की!" त्यावर ती आणखीच भडकली.

दोन महिन्यांत गवत कमरेएवढं झालं. लोक थांबून पाहू लागले, धाकटीला शाबासकी देऊ लागले. एका सकाळी धाकटी रजेवर होती. थोरलीनं गवत कापायचं यंत्र काढलं आणि उताराच्या काठानं सपासप चालवत सुटली. निम्मा काठ झाल्यावर पेट्रोल संपलं, म्हणून थांबली.

दुसऱ्या दिवशी धाकटी ते पाहून उडालीच. "अहो ताई, तिथंही काठ असाच कापतात! म्हणजे बाकीचं मुद्दाम राखलंय हे लोकांना कळतं. मी सांगायचंच विसरले. तुम्हाला कसं सुचलं?"

साहेबांनीही पाठ थोपटली. थोरली मनात चरफडली. रागाच्या भरात केलेलं वाटोळंसुद्धा तिकडच्यांनी आधीच करून ठेवलं होतं!

संध्याकाळी भाजी निवडताना तिनं सांगून टाकलं, "मी जळून कापलं होतं गं."

"माहितीये," धाकटी म्हणाली. "कापलेला पट्टा वाकडा गेला होता. तुमचा कधी जात नाही."

थोरलीनं निवडलेली भाजी बाजूला सारली. "ते फोटो दाखव. सगळे."

जेवणं उशिरा झाली. एकेक फोटो तिनं बोटांनी मोठा करून पाहिला, मातीचासुद्धा. आणि प्रत्येक फोटोला तिच्या पोटात दुखतच राहिलं.