तिसऱ्या हाकेआधीचा खोकला

खरं सांगायचं तर मी भाविक माणूस नव्हतो. मान होता म्हणून देवळात जायचो, एवढंच. निफाडजवळच्या आमच्या गावात खंडेरावाचं देऊळ आहे आणि पहाटे देवाला जागं करायचा मान आमच्या घराकडे, पणजोबांपासून. गाभाऱ्याच्या बंद दारासमोर उभं राहून तीन हाका मारायच्या, "खंडेराया, जागा हो." तिसरी हाक झाली की गुरव दार उघडतो. त्याआधी नाही, मग बाहेर कुणी का खोळंबलेलं असेना. वडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. आवाज माझा दांडगा, नदीपलीकडच्या मळ्यात ऐकू जायचा. देवाला हाक मारून घरी आलो की त्याच आवाजात बैलांना, गड्यांना आणि बायकोला शिव्या. गालात तंबाखूचा बार कायमचा. देवानं हे सगळं कसं ऐकून घेतलं, त्याचं त्यालाच माहीत.

देवळात लाऊडस्पीकर आला तेव्हा माझ्या मेव्हण्यानं हौसेनं माझ्या तीन हाकांची कॅसेट भरली. द्राक्षाच्या हंगामात माझा खाडा व्हायचा, त्या दिवसांत ती लावायची असं ठरलं. दोन हाका झकास झाल्या. तिसरीच्या आधी मला जोराचा खोकला आला. मी वैतागलो, म्हटलं हे पुसा आणि पुन्हा भरा. पण आमचे दगूनाना गुरव जुन्या वळणाचे. म्हणाले, देवाला मारलेली हाक पुसायची नसते. खोकला तसाच राहिला. पुढे गंमत अशी झाली की गावाला त्याची सवयच लागली. कॅसेट असो नाहीतर मी स्वतः असो, दोन हाका झाल्या की सगळे थांबायचे. पोरं देव-देव खेळताना तिसऱ्या हाकेआधी मुद्दाम खोकायची. दगूनाना तर कडीवर हात ठेवून खोकल्याची वाट बघायचे, जणू तोही पूजेतलाच भाग. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

तो खोकला काही गेला नाही. सात-आठ वर्षं मी त्याला तंबाखूचा ठसका म्हणत राहिलो. मग आवाज बसला, घास अडायला लागला, तेव्हा कुठे नाशिकला दाखवलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की कॅन्सर आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. श्वास यापुढे गळ्याला पाडलेल्या भोकातून. ऑपरेशनच्या दिवशी मला आत न्यायला आले तेव्हा सुमन, माझी बायको, स्ट्रेचरबरोबर चालत काहीतरी विचारत होती. माझा चष्मा कुठे ठेवायचा, असलंच काहीतरी. मी तिच्यावर खेकसलो, "तोंड बंद ठेव जरा, डोकं खाऊ नको." बसक्या का होईना, माझ्या स्वतःच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती, मानेला भोक होतं आणि उशाशी पाटी-पेन्सिल घेऊन तीच बसली होती.

दीड-दोन महिन्यांनी घरी आलो. पहिल्याच पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला माझी हाक ऐकू आली. "खंडेराया, जागा हो." माझा दांडगा, धडधाकट आवाज, देवळाच्या दिशेनं. हात मानेकडे गेला तर भोकातून नुसती हवा फुसफुसत होती. दुसरी हाक. मग खोकला. मग तिसरी. कॅसेट आहे हे कळत होतं हो, मी काही खुळा नाही. पण रोज पहाटे मी इथे मुका पडलेला आणि माझा आवाज गावभर हिंडतोय, हे ज्याचं त्यालाच कळेल. गोठ्यात धारा काढणारी सुमन एकदा तो आवाज ऐकून सवयीनं "ओ" म्हणाली आणि मग बराच वेळ गोठ्यातून बाहेर आली नाही. आमचा वाघ्या, माझ्या हातचं खाऊन वाढलेला कुत्रा, मला पाहून गुरगुरायचा. हाक ऐकू आली की मात्र धावत देवळात जायचा आणि खांबावरच्या भोंग्याखाली शेपूट हलवत बसायचा. त्याच्या लेखी मालक तिथे होता. घरात आलेला हा कुणीतरी दुसराच.

एकदा धीर करून देवळात गेलो. समईच्या उजेडात देवाचा चांदीचा मुखवटा पाहिला आणि मला त्याचे डोळे मिटलेले दिसले. जवळ गेलो, तरी मिटलेलेच. त्या दिवसापासून मनात एकच भुंगा. हाक घरातल्या जित्या माणसाची हवी, यंत्राची नव्हे. म्हणजे मी ऑपरेशनला गेलो त्या दिवसापासून देव उठलेलाच नाही. सगळं गाव झोपलेल्या देवाला हळद-भंडारा वाहतंय आणि हे फक्त मला ठाऊक आहे. पाटीवर लिहून सुमनला सांगितलं. तिनं वाचलं, पाटी पुसली आणि म्हणाली, "मग तुम्हीच उठवा."

उठवणार कशानं? नाशिकला तपासणीला गेलो तेव्हा बाकावर शेजारी एक म्हातारा बसला होता, सुरगाण्याकडचा, गळ्याला पांढरं फडकं. भातशेती करणारा काटक माणूस. माझ्याकडे बघून त्यानं फडकं जरा वर केलं. तसंच भोक. आणि मग तो चक्क बोलला. खोल विहिरीत दगड पडावा तसा आवाज, पण शब्द स्वच्छ. त्यानं शिकवलं की हवा पाण्यासारखी गिळायची आणि ढेकर देतो तशी परत सोडायची, त्या ढेकरावर शब्द बसवायचा. मी जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, काही उमटलं नाही. तो म्हणाला, "जोर नको लावू. तू आणू नको त्याला. तो येल तवा येल." नंबर आला म्हणून उठून गेला. पुढच्या प्रत्येक खेपेला मी त्याला शोधलं, पुन्हा कधी दिसला नाही.

वर्षभर द्राक्षाच्या मांडवाखाली एकटा बसून हवा गिळत राहिलो. आधी "पा" आला, मग "पाणी" आलं, "चहा" आला. बेडकासारखा आवाज. पण खंडेराया म्हणायला गेलो की हवा अडायची, काही केल्या सुटायची नाही. तो शब्द तेवढा येईना. सुमनचं नावही येत नव्हतं. त्या नावाला मला तोंडच नव्हतं.

चंपाषष्ठीची पहाट उजाडत होती. देवळात पाय ठेवायला जागा नाही. मी मागे भिंतीला टेकून उभा, सुमन शेजारी, वाघ्या भोंग्याखाली. दगूनानांनी कॅसेट लावली. पहिली हाक झाली. दुसरी झाली आणि वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस, त्यात नवल काही नाही. पण गाव सवयीनं थांबलं. दगूनाना कडीवर हात ठेवून उभे. कुणी हलेना. सगळे खोकल्याची वाट बघत होते.

आणि खोकला आला.

तोच. माझा जुना, भरल्या छातीचा. मला तो अगदी कानामागे ऐकू आला. मी तर आता तोंडानं खोकूच शकत नाही, माझा खोकला मानेतून येतो, नुसता फस्सकन. पण त्या खोकल्यामागून हाक मारायची माझ्या देहाला वर्षानुवर्षांची सवय. मी काही केलं नाही, जोर लावला नाही. हवा आपोआप आत गेली आणि आपोआप बाहेर आली. "खंडेराया, जागा हो." घोगरा, फाटका, विहिरीतला आवाज. कडी सरकली. येळकोटाचा गजर झाला. दार उघडलं आणि मी पाहिलं, मुखवट्याचे डोळे उघडे होते.

सुमन रडत होती. वाघ्या गर्दीतून वाट काढत आला, माझे पाय हुंगले आणि पायांवर डोकं ठेवून बसला. प्रसाद वाटायला घेतला तेव्हा वीज आली. यंत्राचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. भोंग्यातून खोकला आला आणि पाठोपाठ तिसरी हाक. म्हणजे मघाशी तो खोकला कॅसेटमध्ये वाजलाच नव्हता. दगूनाना म्हणाले, मी ऐकला. सुमननंही ऐकला होता. वाघ्यानं मात्र भोंग्याकडे मान वळवून पाहिलंही नाही. तो कुणाचा खोकला, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही.

घरी येताना वाटेत थांबलो. हवा गिळली आणि म्हणालो, "सुमन." ती म्हणाली, "ओ." मी पुन्हा हवा गिळली, "चुकलं." तिनं पदरानं माझ्या मानेवरचं फडकं नीट केलं.

कॅसेट आता दगूनानांच्या पेटीत आहे. पहाटेच्या हाका पुन्हा मीच मारतो. दोन हाका होतात, मग माझी हवा संपते, थांबून नव्यानं गिळावी लागते. तेवढा वेळ सगळे थांबतात. कुणी चुळबुळ करत नाही, कुणाला वेगळं काही वाटतही नाही. इतकी वर्षं ते त्याच ठिकाणी, तेवढाच वेळ थांबत आलेत. ज्या खोकल्याला मी शिव्या घातल्या, पुसून टाका म्हणालो, त्यानं माझ्यासाठी ती जागा तेव्हाच धरून ठेवली होती. आता मी घाई करत नाही. तो थांबवतो तिथे थांबतो, आणि हवा आली की हाक मारतो.