चुन्याच्या रेषेमागे

सुरतेत माणूस शुद्धीवर आहे की नाही हे ठरवायची एकच पद्धत सगळ्यांना माहीत होती. जवळ जायचं आणि वास घ्यायचा. दारूबंदीच्या राज्यात बाकी कशानं माणसाचं भान जाऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे. आमच्या रायफल क्लबातही तेच. रविवारी सकाळी फाटकाशी उभी राहून मी येणाऱ्या प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलायचे, तेवढ्यात नाकाला जे कळायचं ते कळायचं. एकदोघांना परतही पाठवलं होतं. रात्री दारूसाठी दमणला जाऊन पहाटे थेट इकडे आलेले होते. त्यांनी वाद घातला नाही. चोरी पकडली गेली की माणूस निमूट जातो.

हे काम माझ्याकडे का आलं, तर बाकी सगळ्यांना नेम साधायचा होता आणि मागं उभं राहून ओरडायला कुणी तयार नव्हतं. मला ओरडायची सवय होती. गोडादऱ्याकडच्या एका मराठी शाळेत मी शिकवत होते. वर्गात बहुतेक लूमवर काम करणाऱ्यांची पोरं, घरी अहिराणी बोलणारी, मैदानावर गुजराती आणि माझ्यासमोर गप्प. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल हाताळलेली. एवढ्या भांडवलावर क्लबानं शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली.

क्लबात मी गेले ते रविवारसाठी. माझं लग्न झालं होतं आणि संपलंही होतं, त्यावर इथं लिहिण्यासारखं काही नाही. भेस्तानला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सहा दिवस शाळा असायची, सहकारी असायचे, वह्या असायच्या. रविवारी मात्र सगळे आपापल्या माणसांत जात. कपडे धुवून, फरशी पुसून, डाळ-भात करून झाला तरी घड्याळात सकाळच असायची. मग वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी विचारलं, "बाई, चांदमारीवर येता का? रिकाम्या बसण्यापेक्षा बरं."

काका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे धुळ्याकडचे. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगी पुण्याला. माणूस व्यवस्थित, पायजम्यालासुद्धा इस्त्री. जिन्यात भेटले की मुद्दाम गावाकडचं बोलायचे, "काय बाई, बरं शे का?" त्यांचा नेम क्लबात सगळ्यांत चांगला. रविवारी पहाटे त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी जायचे. भेस्तानहून कामरेज म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, मग हायवे, मग उसाच्या शेतांच्या कडेला आमची चांदमारी. एक मातीचा उंच बांध, त्याच्या पायथ्याशी लाकडी चौकटींवर लावलेले कागद, अलीकडे चटया, चटयांच्या मागं चुन्याची रेषा, एक बाभूळ, एक बाक. येताना काका वाटेत गाडी थांबवून लोचो, म्हणजे सुरतेचा मऊ, विस्कटलेला ढोकळा, खाऊ घालायचे आणि वर लिंबू पिळून घ्यायला सांगायचे. अख्ख्या आठवड्यात मी काय खाल्लं, डोकं दुखायचं थांबलं का, पंखा दुरुस्त झाला का, हे विचारणारं तेवढं एकच माणूस होतं. त्यांनाही दुसरं कुणी विचारत नव्हतं.

चांदमारीवरचे नियम सोपे होते. लाल निशाण वर असेल तोवर रेषेपुढं फक्त नेमबाज. शिट्टी झाली की बोल्ट उघडायचा, काडतूस बाहेर, रायफल चटईवर ठेवायची आणि उठून चुन्याच्या मागं यायचं. सगळे मागं आले की मी रायफली बघणार, मग निशाण खाली, मग लोक पुढं जाऊन कागद बदलणार. पुढं एक जरी माणूस असला तरी मागच्या कुणी रायफलीला बोटही लावायचं नाही. हे मी शाळेतल्या कवायतीसारखं घोटून घेतलं होतं.

त्या हिवाळ्यात काकांचा नेम फार सुधारला. आधी ते चांगले होते, आता भिंतीत खिळा ठोकावा तसे मारत होते. साडीचे एक व्यापारी आमच्यात होते, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. तोंडानं सुरती, म्हणजे शिवीशिवाय वाक्य सुरू होत नसे, पण माझ्यासमोर बिचारे गिळायचे. ते काकांचा कागद वर धरून सगळ्यांना दाखवायचे. "जुओ, जुओ! काकानो हाथ तो पथ्थर जेवो थई गयो छे!"

काका हसायचे. मलाही बरं वाटायचं. काकू गेल्यानंतर बोटं थरथरणारे हेच काका मी पाहिले होते. चहाची बशी त्यांच्या हातात वाजायची.

दुसऱ्या काही गोष्टीही दिसत होत्या, पण त्या एकेकट्या दिसल्या तर किरकोळ होत्या. शिट्टीनंतर उठायला काकांना वेळ लागायचा. गुडघे, ते म्हणायचे. तीच गोष्ट दोनदा सांगायचे. एकदा लोचोचे पैसे देऊन झाल्यावर पुन्हा द्यायला निघाले.

मग तो रविवार आला. शिट्टी झाली, सगळे मागं आले, काकाही आले. रायफली मी पाहिल्या, निशाण उतरवलं. शेठ आणि आणखी दोघं कागद बदलायला बांधाकडे गेले. मी त्यांच्याकडं बघत होते, कारण शेठ चौकटीशी उभे राहून कुणाला तरी टोमणे मारत होते आणि हवे तेवढे लवकर परत येत नव्हते. मागून बोल्ट सरकल्याचा आवाज आला.

वळून पाहिलं तर काका चटईवर पालथे होते. गाल रायफलीच्या दस्त्याला टेकलेला, एक डोळा मिटलेला. समोर शेठची पाठ.

मी ओरडले नाही. नेम धरलेल्या माणसाच्या कानाशी ओरडलं तर बोट दचकतं, एवढं मला शिकवलेलं होतं. जाऊन खाली बसले, त्यांचं मनगट धरून हात रायफलीवरून उचलला आणि बोल्ट मागं ओढला. काडतूस उडून चटईवर पडलं.

"शिट्टी झाली ना?" काका म्हणाले.

"थांबायची झाली, काका."

"असं? मला वाटलं सुरू करायची." ते मान वर करून बांधाकडं बघत होते. शेठ हात हलवत परत येत होते. "अरे, हे पुढंच आहेत की."

एवढंच. त्यांचा हात जराही हलत नव्हता. ते घाबरलेच नव्हते. असं काही करता करता राहिलेला माणूस पांढराफटक पडायला हवा होता, आणि काका बस चुकल्यासारखे बघत होते. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

मी सगळ्यांची नेमबाजी थांबवली आणि काकांना बाकावर बसवलं. वास वगैरे घ्यायचा प्रश्नच नव्हता. सरळ विचारलं, "काका, सकाळी काय घेतलंत?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, अगदी सहज, सुपारी काढावी तशी. काकू गेल्यावर झोप येईना म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. रात्री एक.

"मग सकाळी?"

"रविवारी सकाळी एक जास्तीची घेतो. हात स्थिर राहतो, बाई. तुम्हीच बघता ना कागद."

त्या काळात गोळीला कुणी वाईट मानत नव्हतं. चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या दिवसांत सगळ्या सुरतेनं टेट्रासायक्लिन खिशात ठेवलं होतं, डॉक्टरला विचारून, न विचारता खाल्लं होतं. शेजाऱ्याला दिलं होतं, पाहुण्याला दिलं होतं. गोळी घेणारा माणूस शहाणा, काळजी घेणारा. चांगला हात हवा म्हणून एक जास्तीची घेतली तर त्यात लपवण्यासारखं काय, असं काकांना मनापासून वाटत होतं. म्हणून त्यांनी लपवलंही नव्हतं. विचारलंच कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "ह्या गोळ्या चालू आहेत तोवर रायफल नाही."

शेठना तोवर झाला प्रकार कळला होता. ज्यांच्या पाठीवर नेम होता तेच मध्ये पडले. "अरे बेन, जवा दो ने! दवा छे, दारू थोडी छे? काका तो भगवान माणस!"

"भगवान असले तरी चटईवर नाही."

काका उठले. "बाई, मी आयुष्यात थेंब घेतला नाही. बँकेच्या पार्ट्यांत लोक मला हसायचे. आणि तुम्ही मला त्या दमणवाल्यांच्या रांगेत बसवता?"

"रांग कुणाचीही असू दे. स्कूटरची किल्ली पण द्या."

हे त्यांना जास्त लागलं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, बाकावर ठेवली. ती शेठनी खिशात टाकली आणि काकांना आपल्या मारुती व्हॅनमधून घरी नेलं. मी मागचं आवरून हायवेपर्यंत चालत आले आणि बस पकडली. बसमध्ये विचार आला की याच स्कूटरवर, याच सकाळच्या गोळीनंतर, ट्रकांच्या मधून मी हिवाळाभर बसून आले होते. मग भेस्तान आलं आणि उतरले.

पुढचे काही रविवार काका आले नाहीत. जिन्यात भेटले की बाजूला होऊन मला वाट द्यायचे, अनोळखी बाईला देतात तशी. मी रविवारी बसनं जायचे. लोचोच्या दुकानाजवळून बस न थांबता जायची. फाटकाशी आता प्रत्येकाला विचारायचे, "औषध काही चालू आहे? कसलं?" लोक चिडायचे. एकानं मला विचारलं की बेन, तुम्ही नेमबाजी शिकवता की दवाखाना चालवता. दोघंतिघं यायचे बंद झाले. शेठ मात्र यायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "फक्त इसबगोल लीधुं छे, बेन!"

मग एका रविवारी फाटकाशी रिक्षा थांबली आणि काका उतरले. डोळे लाल, दाढी वाढलेली. इस्त्री नाही.

"सोडल्या सगळ्या," ते म्हणाले. "विचारा आता काय विचारायचंय."

"कधी सोडल्या?"

"त्या दिवशीच ठरवलं होतं, जमत नव्हतं. या आठवड्यात फेकून दिल्या."

"झोपलात कधी?"

ते माझ्या पलीकडं चटयांकडं बघायला लागले. हात पँटच्या खिशात होते. मी म्हटलं, हात दाखवा. त्यांनी काढले. बशी वाजायची तेव्हापेक्षा वाईट होते.

"काका, आज नाही."

"का? गोळी नाही घेतली. तुमचा नियम मी पाळला." त्यांचा आवाज वर गेला, मागं चटया अंथरणारे लोक बघायला लागले. "झोपेचा नियम कुठं लिहिलाय?"

"कुठं नाही. मी सांगतेय."

ते बाभळीखालच्या बाकावर जाऊन बसले. मी शिट्टी शेठना देऊन त्यांच्याजवळ गेले. ते बांधाकडं बघत होते.

"गोळी सोडली तर झोप नाही," ते म्हणाले. "झोप नाही तर रात्रभर ती घरात नाही हे कळत राहतं. गोळी घेतली तर तुम्ही इथं येऊ देत नाही. मग रविवारी मी करू काय? काय सोडू ते तुम्हीच सांगा."

 याचं उत्तर मला माहीत असतं तर ते मी स्वतःसाठी आधी वापरलं असतं. मी एवढंच म्हटलं की उद्या शाळेतून अर्धी रजा काढते, आपण डॉक्टरकडं जाऊ.

डॉक्टर आधी काकांना रागावले, सकाळच्या गोळीबद्दल आणि मग एकदम सोडल्याबद्दल. हळूहळू कमी करायच्या, वेळ लागेल, तोवर स्कूटर नाही आणि ते बंदुकीचं खूळ तर नाहीच. काका मान खाली घालून ऐकत होते. दवाखान्यातून बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्ही आणि डॉक्टर एकाच शाळेतले दिसता."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसनं गेलो. फाटकाशी पोचल्यावर काका थांबले. मी आत जाऊन माझ्या जागेवर उभी राहीपर्यंत थांबले. मला विचारावं लागलं.

"औषध काही चालू आहे?"

"आहे. रात्री घेतलीय. मागं बसतो."

आणि चुन्याच्या रेषेमागं बाकावर जाऊन बसले. मी क्लबाची दुर्बीण त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यातून समोरचा कागद बघून ते नेमबाजांना सांगायचे, डावीकडं जातंय, श्वास सोडा, घाई नको. शेठचा नेम त्यामुळं सुधारला आणि त्यांनी त्याचं श्रेय इसबगोलाला दिलं. उन्हाळ्यापर्यंत हे असं चाललं. गोळी अर्धीवर आली, पाववर आली नाही. काका पुन्हा नेम धरायला चटईवर गेले नाहीत. मीही कधी "आता चालेल" म्हटलं नाही, कारण चालत नव्हतं.

मे महिन्यात मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. ते योग्यच झालं. स्कूटर शेठनी कुणाला तरी विकून दिली. निघायच्या आदल्या दिवशी काका दारात आले, आत आले नाहीत. "पंखा आवाज करतोय अजून," ते वर बघून म्हणाले. "दुरुस्तीवाल्याला बोलवा, बाई. नुसतं ऐकत बसू नका."

रविवारी मी नेहमीच्या बसनं गेले. फाटकाशी विचारलं, निशाण चढवलं, शिट्ट्या दिल्या. दुपारी शेवटचा कागद उतरला, लोक गाड्या काढून गेले. रायफली मोजून पेटीत ठेवल्या, चटया गुंडाळल्या. दुर्बीण बाकावर होती, तीही पेटीत ठेवली. निशाण उतरवलं आणि हायवेवर येऊन उभी राहिले. भेस्तानकडची बस यायला वेळ होता. पंखेवाल्याला निरोप द्यायचा होता, तो रविवारी दुकान उघडतो की नाही हे मला माहीत नव्हतं.