ग्रीक खुर्ची आणि आमचे मामा

आजवर ठाणे जिल्ह्यात जितकी माणसं खुर्चीवर बसली, त्यांतल्या एकालाही बसावं कसं हे कळत नव्हतं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. मामा कल्याणला आगगाडीच्या कचेरीत नकाशे उतरवून काढायचे. तिथल्या गोऱ्या इंजिनेराकडे प्राचीन ग्रीकांच्या रंगीत मडक्यांच्या चित्रांचं पुस्तक होतं. त्यात मामांना एक खुर्ची दिसली. पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले, पाठ धनुष्यासारखी वाकलेली. झालं! त्या दिवसापासून मामा आमचे उरले नाहीत, ग्रीकांचे झाले. मडक्यावरचा प्रत्येक ग्रीक एका अंगानं बसलेला दिसतो, तेव्हा बसण्याची खरी रीत तीच, असा त्यांनी निकाल दिला. कोणाकडेही गेले की यजमानांकडे कान करून बसत आणि भिंतीशी बोलत. "अहो, भिंतीला काय सांगताय?" असं मामी करवादल्या की म्हणत, "ती मधे तोंड घालत नाही."

कल्याणच्या बाजारात कापडवाले त्यांना लांबून ओळखत. मामा धोतरजोडी घ्यायला जात आणि लुगड्यांच्या ढिगावर बसून पाहत. "शेट, रंग चांगला आहे, पण बसल्यावर पोक काढायला लावतो." शेट हात जोडून त्यांना उठवी. शेवटी ठाण्याला ख्रिस्ती विणकरांच्या आळीत मारीबायच्या मागावर त्यांना हवा तो काठ सापडला. मडक्याच्या गळ्याभोवती होती तश्शीच चौकोनी वळणांची नक्षी! मामांचे डोळे भरून आले. "बाई, तुमचे पूर्वज ग्रीक!" मारीबाय धोटा न थांबवता म्हणाली, "आमचं पूर्वज याच आलीतलं. आन् मामा, यो रेशीम नेसाचा हाय, त्यावर बसाचा नाय!" मामांनी ते रेशीम घेतलंच, करवून घ्यायच्या ग्रीक खुर्चीच्या बैठकीसाठी.

इथवर सगळी गंमत होती. पण त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं, द्वारकीचं लग्न ठाण्याच्या एका घरात ठरलं. मुलगा गुणी, पण त्याचे वडील मानाचे भुकेले. थोरल्या मुलाच्या लग्नात पाट डगमगला म्हणून भर मांडवातून वऱ्हाड परत नेणारा हा गृहस्थ. आणि सीमांतपूजनाला व्याह्यांना बसवून पाय धुवायचे, ते मामा चौरंगावर नव्हे तर ग्रीक खुर्चीवर बसवून धुणार होते!

चित्रावरून ती खुर्ची करताना सुतारानं विचारलं होतं, "मामा, लांबी उमगली. रुंदी किती धरू?" चित्रात खुर्ची एका बाजूनंच दिसत होती. मामा गंभीरपणे म्हणाले, "ग्रीकांनी जे दाखवलं नाही, ते आपण वाढवायचं नाही." म्हणून रुंदी धरली दीड वीत. मामा स्वतः काठीसारखे, त्यांना ती ऐसपैस वाटली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी व्याही मांडवात शिरले. गृहस्थ दारातून आत आले ते दार अंगात घातल्यासारखे. मी मामांच्या कानाशी लागलो, "मामा, चौरंग आणू का?" मामा हसले. "बघच तू."

व्याही बसले. खुर्ची कण्हली. निम्मे व्याही खुर्चीवर, उरलेले दोन्हीकडून मांडवात. वाकलेले पाय आणखी वाकायला लागले. सनई थांबली. आतून मामींचा "अगं बाई!" ऐकू आला. व्याह्यांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा. ते उठायला गेले तर खुर्चीच्या पाठीचं धनुष्य खांद्यांत रुतलेलं.

"कुणाची थट्टा चालवलीय ही?" ते गरजले. त्यांच्या भावानं निघायला म्हणून पागोटं उचललंसुद्धा.

"व्याहीबुवा!" मामा ओरडले, "एका अंगानं बसा! ग्रीकांसारखे!"

कोणाला काही कळायच्या आत मामांनी त्यांचे गुडघे धरून त्यांना आडवं वळवलं. खुर्ची पुन्हा कण्हली, हलली आणि गप्प झाली. चित्रात दिसत होती ती लांबी भरपूर होती. व्याही तिच्यात बरोब्बर मावले. पण आता त्यांचं तोंड मंडळींकडे नव्हतं, माजघराच्या दाराकडे होतं. तिथे चौकट घट्ट धरून द्वारकी उभी होती. डोळ्यांत पाणी, ओठ दाताखाली.

व्याही तिच्याकडे बघत राहिले. आता उठतात की काय, म्हणून मी माझाच श्वास धरून ठेवला होता.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "भिऊ नकोस. पूजा आटपेस्तोवर मी श्वाससुद्धा बेतानं घेतो." मग मामांकडे मान न वळवता, कारण वळवण्याची सोयच नव्हती, म्हणाले, "व्याही, पाणी आणा. इकडे, कुशीला."

मामांनी ताम्हण सरकवलं आणि पाय धुतले. पाणी तांब्यातलं किती आणि मामांच्या डोळ्यांतलं किती, ते मी पाहिलं नाही.

ती खुर्ची व्याह्यांनी हट्टानं ठाण्याला नेली. आता व्याही नाहीत आणि मामाही नाहीत. परवा गेलो तेव्हा द्वारकीनं मला त्याच खुर्चीवर बसवलं. त्या घरात सगळे एका अंगानंच बसतात. मारीबायच्या रेशमाचा रंग विटलाय, काठ मात्र तसाच आहे. बसल्या बसल्या मामांचा चेहरा आठवू लागलो. एक कान आठवला, अर्धी मिशी आठवली, भिंतीकडे बघून हसणारा एक डोळा आठवला. समोरून मामा कसे दिसायचे, ते काही केल्या आठवेना.